चौथ्या मिनिटानंतर

दत्ता, तुझे ते जुने व्हिडिओ मी कधीच पुसले नाहीत. पुसले, असं तुला तोंडावर सांगितलं होतं, आणि तू "बरं झालं, सुटलो एकदाचा" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली होतीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कॉलेजात नाही. आणि यातली ही लहान गोष्ट आहे. मोठी पुढे आहे. तिच्यापर्यंत यायला मला वेळ लागेल. मी काहीही सांगायचं म्हटलं की आधी घसा खाकरतो, मग चष्मा पुसतो, मग विषय बदलतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? "तुझं बोलणं म्हणजे नुसतं बफरिंग रे," असं तूच म्हणायचास. आज तू नाहीस म्हणून तरी ते चाक फिरायचं थांबावं.

तुझी शोकसभा झाली. त्याच दृक्-श्राव्य सभागृहात, त्याच पडद्यासमोर. प्राचार्या मॅडम म्हणाल्या, "खानोलकर सरांनी पन्नाशीनंतर नवं तंत्रज्ञान आत्मसात केलं. स्वतःला बदललं. हा आपल्या सगळ्यांसमोरचा आदर्श आहे." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि याचं श्रेय आपल्या शेखर सरांनाही द्यायला हवं." दोन-चार जणांनी टाळ्या सुरू केल्या, शोकसभा आहे हे लक्षात येऊन मध्येच थांबवल्या. तुझ्या शोकसभेत माझ्यासाठी टाळ्या, दत्ता. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरलो.

हे लिहिणं कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मागितलं आहे. अंक नव्या मुलांच्याही हातात जाईल आणि त्यांना आपण दोघं कोण ते कळणार नाही, म्हणून तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगतो. आपण अंधेरीच्या या कॉलेजात एकाच वर्षी लागलो. तू संख्याशास्त्र शिकवायचास, मी भौतिकशास्त्र. तू घाटकोपरच्या भटवाडीतला, वडील गिरणीत, घरात मालवणी. मी बोरिवलीचा, वडील सरकारी कचेरीत, घरात 'बसा, पाणी घेता का' अशी भाषा. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये तू मला "काय रे, नवीन काय?" म्हणून विचारलंस आणि मी "हो, आपण?" असं म्हणालो. त्या 'आपण'वर तू वर्षानुवर्षं हसत होतास.

आपले वर्ग शेजारी होते. मधे एक भिंत. ती भिंत मला अजून आठवते, कारण तिच्यातून तुझा वर्ग ऐकू यायचा. आधी तुझा आवाज, मग शांतता, मग सगळा वर्ग एकदम हसायचा. माझ्या बाजूला मी फळ्याकडे तोंड करून सूत्र लिहीत असायचो आणि पहिल्या बाकावरची मुलं भिंतीकडे बघत असायची. मला वर्गाची भीती वाटायची, दत्ता. शिकवायला लागून इतकी वर्षं झाली तरी तास सुरू होण्याआधी माझे तळवे ओले व्हायचे. म्हणून कॉलेजनं जेव्हा प्राध्यापकांना तंत्रज्ञान शिकवणारा कक्ष काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला. लोक म्हणाले, शेखरला आवड आहे. आवड होतीही. पण खरं कारण हे, की तिथे मुलं नव्हती. तिथे माझ्यासमोर माझ्यापेक्षा घाबरलेले प्राध्यापक येणार होते.

आणि ते आले. तास रेकॉर्ड कसा करायचा, कॉलेजच्या वेबसाइटवर कसा चढवायचा, मुलांच्या फोनवर प्रश्न पाठवून वर्गातच उत्तरं कशी गोळा करायची, हे मी सगळ्यांना शिकवलं. काही चांगलं काम झालं त्यातून, हे आज मुद्दाम खोटं पाडत नाही. इतिहासाच्या मॅडमचं अक्षर मागच्या बाकांना कधी दिसायचं नाही, ते पडद्यावर दिसायला लागलं. जी मुलं हात वर करत नाहीत ती फोनवरून उत्तर द्यायला लागली. लोक मला वाटेत थांबवून आभार मानायचे. मला हे पहिल्यांदाच मिळत होतं.

तू मात्र कॅमेरा फळ्यासमोर लावलास आणि नेहमीसारखा शिकवत सुटलास. पूर्ण तासाचा व्हिडिओ. ना चित्रं, ना शीर्षक. हातात खडू आणि तुझं ते जांभळं फडकं, तुझ्या आईच्या फाटलेल्या लुगड्याचं, ज्यानं तू फळा पुसायचास. कॉलेजचं डस्टर तुला चालायचं नाही. "त्यानं नुसती पावडर पसरता. ह्यानं पुसता," म्हणायचास.

नमुना कसा निवडायचा हे तू बांगड्यावरून शिकवायचास. आई बाजारात जायची, पाटीतला वरचा बांगडा उचलायची, कल्ला उघडून बघायची. लालभडक. मग तो बाजूला ठेवून हात पाटीच्या तळाशी घालायची. कोळीण ओरडायची, "ए बाय, सगळी पाटी उपसशील काय?" आई म्हणायची, "वरचो तू दाखवतंस, खालचो मी खातंय." इथे वर्ग हसायचा. मग तू थांबायचास आणि अगदी हळू म्हणायचास, "आता सांगा, वरचे चार बांगडे बघून अख्ख्या पाटीबद्दल बोलणारा माणूस कोण?" मुलं म्हणायची, "मूर्ख!" तू म्हणायचास, "नाही. घाईत असलेला. मूर्ख माणूस शिकतो. घाईतला शिकत नाही."

भिंतीपलीकडून मी हे दर वर्षी ऐकलं. मला पाठ होतं.

आता कार्यशाळेचं सांगतो.

माझा कक्ष कायमचा करायचा की बंद करायचा, हे त्या वर्षी ठरायचं होतं. कायमचा झाला तर मी प्रमुख, नाहीतर परत त्या भिंतीच्या माझ्या बाजूला. मॅडमनी सांगितलं, सगळ्या स्टाफसमोर एक कार्यशाळा घ्या, काय साधलं ते दाखवा. काय बदललं ते दाखवायचं तर आधी काय वाईट होतं ते दाखवायला हवं. प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख मला दिसायचा: किती मुलांनी उघडला, कुठपर्यंत पाहिला. बहुतेकांचे आलेख हळूहळू उतरत जायचे. तुझा चौथ्या मिनिटाला कड्यावरून खाली पडल्यासारखा पडायचा. पुढे सपाट. जवळजवळ कुणीच नाही.

दत्ता, तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काय वाटलं, हेच खरं मी कधी कबूल केलं नाही. मला बरं वाटलं. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेलं ते हसणं, आणि इथे मशीन सांगत होतं की चार मिनिटांत सगळे उठून गेले. मला वाटलं, म्हणजे तूही माझ्यासारखाच. मी तो आलेख निवडला कारण तो सगळ्यात वाईट होता, असं मी स्वतःला सांगितलं. मी तो निवडला कारण तो तुझा होता.

तुझं नाव मी काळ्या पट्टीनं झाकलं. सभ्यपणा. पण शेजारी व्हिडिओमधलं एक स्थिर चित्र ठेवलं होतं, चेहरा न दिसणारं, फक्त फळा आणि हात. आणि हातात ते जांभळं फडकं.

कॉमर्सच्या पेडणेकर मॅडम पहिल्या ओरडल्या, "अय्या, हे फडकं ओळखीचं वाटतंय!" सगळं सभागृह हसलं. तूही हसलास. "फडक्याचो काय दोष गे, हात कुणाचो ता बघ," म्हणालास. पुन्हा हशा. मी पुढच्या स्लाइडवर गेलो असतो, पण तू उभा राहिलास. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण आवाज वर्गातला होता, तो हळू झालेला.

"शेखर, एक शंका आहे. हे जे चौथ्या मिनिटानंतर दिसत नाहीत, ते उठून गेले, की दुसरीकडे कुठे आहेत? तुझ्याकडे नोंद नाही एवढंच कळतंय. नोंद नाही म्हणजे माणूस नाही, असं आपण धरतो काय?"

सरळ प्रश्न होता. त्याचं खरं उत्तर "मला माहीत नाही, बघून सांगतो" एवढंच होतं. त्याच वेबसाइटवर, त्याच पानावर बाजूला आणखी एक तक्ता होता, कुणी व्हिडिओ फोनवर उतरवून घेतला त्याचा. मी तो उघडलाच नव्हता. हात तळाशी घातला नव्हता. पण समोर मॅडम बसल्या होत्या, आणि मी म्हणालो, "घ्या! संख्याशास्त्रवाल्यालाच आकडा पटत नाही, आता बोला!"

काय हशा पिकला होता, दत्ता. मला आयुष्यात कधी एवढा हशा मिळाला नव्हता. तू हात जोडलेस, "हरलो बाबा," म्हणालास आणि बसलास. तुझा प्रश्न तसाच राहिला. पुढे आपण शेकडो गोष्टींवर वाद घातले, अंड्याची भुर्जी बरी की ऑम्लेट इथपासून. त्या प्रश्नाकडे तू पुन्हा आला नाहीस. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्या कक्षाच्या संगणक-लॅबच्या दारात उभा. हातात डबा. "मेल्या, माका शिकव," म्हणालास. "पोरं उठून जातत तर काय उपयोग?"

मी तुला शिकवलं. रोज दुपारी. लॅबमध्ये खाणं मना असल्याची पाटी मीच लावली होती. तू आत आलास की तिच्यावर रुमाल टाकायचास आणि डबा उघडायचास. कीबोर्डला बांगड्याच्या तिखल्याचा वास लागला तो अजून आहे, लॅबमधली नवीन मदतनीस मुलगी तक्रार करते. पाच मिनिटांचे व्हिडिओ करायचे, एका व्हिडिओत एकच कल्पना, मधे प्रश्न, शेवटी सारांश, हे मी तुला सांगत होतो आणि तू शाळेतल्या मुलासारखं लिहून घेत होतास. बांगडा कापायला मीच सांगितलं. "ही गोष्ट लांबते रे, मुद्दा शेवटी येतो." तू माउसवरचा हात काढलास. "मुद्दो शेवटीच येता शेखर, पयलो दिलो तर मग गजाली कशाक?" मी म्हणालो, "आलेख बघ ना." तू म्हणालास, "असांदे." आणि कापलास.

त्या दुपारी मला हव्या होत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. इतकी वर्षं शेजारी शिकवून जेवढे जवळ आलो नव्हतो तेवढे त्या काही महिन्यांत आलो. तू वडिलांबद्दल बोललास, गिरणी बंद पडल्यावर ते सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून, आंघोळ करून, कपडे करून बसायचे ते. मी तुला माझ्या ओल्या तळव्यांबद्दल सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. तू हसला नाहीस. "अरे, माका पण भीती वाटता," म्हणालास. "आता तर जास्तच." मी ते 'आता' ऐकलं आणि घास गिळला.

आणि मग ती मुलं आली.

कार्यशाळेनंतर मी एक सुधारणा केली होती. व्हिडिओ फोनवर उतरवून घ्यायची सोय बंद केली, म्हणजे सगळ्यांना तो वेबसाइटवरच बघावा लागेल आणि आकडे नीट मिळतील. काही आठवड्यांनी तुझ्याच वर्गातली चार-पाच मुलं लॅबमध्ये आली. बोलणारी एकच होती, प्रणाली, खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. "सर, खानोलकर सरांचे जुने व्हिडिओ आता उतरत नाहीत. बटणच गायब झालंय."

मी म्हटलं, "इथेच बघा की."

"इथे कसं बघणार सर? इथे लायब्ररीजवळ वायफाय येतं, पण कॉलेज बंद होईपर्यंत बसायचं का? घरी फोन एक, आम्ही तिघं. नेट संपतं. म्हणून आम्ही इथे उघडायचो, उतरवून घ्यायचो, आणि सगळ्या ग्रुपवर टाकायचो. मग घरी आरामात. किती वेळा पण बघता येतं ना."

"सगळेच व्हिडिओ?"

ती मागच्यांकडे बघून हसली. "नाही सर. बाकीचे इथेच बघून होतात, छोटे असतात. ठेवायचे ते खानोलकर सरांचेच. मी आईला पण ऐकवला, तो बांगड्याचा. आई म्हणाली, मास्तर बाजारात गेलेला आहे खरा, पण कोळणीला उगाच लबाड का म्हणतो, त्याला सांग माझ्या पाटीकडे ये म्हणावं."

मुलं हसली. मीही हसलो असेन. ती गेल्यावर मी तो दुसरा तक्ता उघडला. व्हिडिओ उतरायला लागायची ती चार मिनिटं, दत्ता. तेवढा वेळ ती मुलं पान उघडं ठेवायची, व्हिडिओ तिथे आपोआप चालत राहायचा, आणि उतरला की बंद करायची. जो आलेख मी सगळ्यांसमोर पडद्यावर लावला, तो मुलं उठून गेल्याचा नव्हता. ती तुला घरी घेऊन गेल्याचा होता. सगळ्या स्टाफमध्ये ज्याचे तास मुलांनी जपून ठेवावेत असा एकच माणूस होता, आणि मी त्याच्याच नावावर काळी पट्टी लावली होती.

ही ती मोठी गोष्ट. सांगून झाली.

त्या दिवशी दुपारी तू नेहमीसारखा आलास. पाटीवर रुमाल टाकलास. मी तुला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण त्याच आठवड्यात कक्ष कायम झाल्याचं पत्र येणार असं मॅडमनी सांगितलं होतं. मी ठरवलं, पत्र आल्यावर सांगू. पत्र आलं, तू पेढे आणलेस. मी ठरवलं, सत्र संपल्यावर सांगू. मधल्या काळात मी ते बटण गुपचूप परत सुरू केलं आणि स्वतःची समजूत घातली की आता मुलांना व्हिडिओ मिळतायत, म्हणजे नुकसान भरून निघालं. मुलांचं थोडंफार निघालंही असेल. तुझं नाही.

कारण तू बदलत होतास आणि मी बघत होतो. पाच मिनिटांचे व्हिडिओ तू करायला लागलास. कपाळावर घाम, नजर पडद्याच्या कोपऱ्यात चालणाऱ्या घड्याळाकडे. आवाज वाचल्यासारखा. एकदा वर्गात मी मागे उभा होतो, तू स्लाइड दाखवत होतास, एका मुलानं काहीतरी विचारलं आणि तू गोष्ट सांगायला तोंड उघडलंस. मग थांबलास. माझ्याकडे बघितलंस. "ते पुढच्या व्हिडिओत येईल," म्हणालास. त्या बघण्यात राग नव्हता. 'बरोबर करतोय ना रे?' एवढंच होतं. मी मान हलवली. हो.

एक गोष्ट मात्र तुझ्या हातात खरंच रुजली, ती सांगायला हवी, नाहीतर हे सगळं रडगाणं होईल आणि तुला रडगाणं आवडायचं नाही. फोनवर प्रश्न पाठवणं. मी ते मुलांची परीक्षा घेण्यासाठी शिकवलं होतं. तू तास संपताना एकच प्रश्न पाठवायचास: "आज काय कळलं नाही?" नाव न घालता लिहा म्हणायचास. आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. ते तुझं तू शोधलंस. आज निम्मा स्टाफ ते करतो. कार्यशाळेत मी ते माझ्या यादीत घालतो. आता निदान ते तुझं आहे एवढं तरी म्हणेन.

पुढच्या कार्यशाळेत मी तुला 'नंतरचं उदाहरण' म्हणून उभं केलं. तू उभा राहिलास, छान बोललास, माझं कौतुक केलंस. सभागृह रिकामं झाल्यावर वायर गुंडाळताना तू म्हणालास, "ते आधीचे पुसून टाक रे. पुन्हा कुणाच्या हाती नकोत. बघवत नाहीत माका." तेव्हा तरी. तेव्हा आपण दोघंच होतो, तुझ्या हातात वायरचं वेटोळं होतं, आणि एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पुसतो." दोन दिवसांनी म्हणालो, "पुसले."

मुलांसाठी ते मी खरंच काढून टाकले. नंतरच्या मुलांना ते मिळाले नाहीत. एक प्रत माझ्याजवळ राहिली. सगळे गेले की मी कानाला लावून ऐकायचो. भिंतीतून अर्धवट ऐकलेलं आता पूर्ण ऐकू यायचं. मी तुझा चांगला विद्यार्थी झालो असतो, दत्ता. उशिरा.

तू जाशील हे कुणाच्या मनात होतं? भाजीची पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत टेकलास, पंखा लाव म्हणालास, आणि वहिनी स्विचपर्यंत जाऊन वळेपर्यंत संपलं होतं. इतक्या घाईत तू कधी काही केलं नव्हतंस.

शोकसभेसाठी श्रद्धांजलीचा व्हिडिओ मीच केला. करणार कोण दुसरं? मी त्यात नवे पाच मिनिटवाले तुकडे वापरले. जुने वापरले असते तर कुणीतरी विचारलं असतं, हे कुठे होते इतके दिवस?

मग मागच्या रविवारी तुझ्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. तुझा लॅपटॉप टेबलावर होता आणि त्याच्यावर, धूळ बसू नये म्हणून, ते जांभळं फडकं घातलेलं होतं. वर्गात तू ते आणणं कधी बंद केलंस ते मला नीट ठाऊक आहे. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं होतं फेकलं असशील.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही तो व्हिडिओ केलात ना सभेला, चांगला होता. पण तो आवाज त्यांचा नाही वाटत हो. वाचल्यासारखं बोलतात. घरी असं नव्हते बोलत." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आमच्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही. मोबाईलवर काही ठेवू द्यायचे नाहीत शेवटी शेवटी. म्हणायचे, माझं ऐकवत नाही कुणाला, शेखरनं दाखवलं मला, बरं झालं वेळेवर दाखवलं. तुमचं नाव फार घ्यायचे. तर कॉलेजात जुनं काही असेल का? फळ्यावरचं? हसता हसता शिकवायचे तसलं?"

मी घसा खाकरला. चष्मा पुसला.

"बघतो," म्हणालो.

घाटकोपरहून मेट्रोनं परत येताना मी हिशेब मांडत होतो, व्हिडिओ दिले तर त्या विचारतील की हे इतके दिवस का नव्हते. त्याचं उत्तर दिलं तर विचारतील, मग त्यांना का नाही सांगितलंत. आणि त्यापुढचं उत्तर माझ्याजवळ नाही. म्हणजे आहे, ते वर सगळं लिहिलंय. तेच उत्तर आहे. मला बरं वाटलं होतं. मग मला पद हवं होतं. मग मला त्या दुपारी हव्या होत्या. शेवटी शेवटी मला फक्त सवय झाली होती.

"माझं ऐकवत नाही कुणाला." हे मनात घेऊन तू गेलास. हे खोटं होतं आणि खोटं आहे हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो रोज तुझ्या डब्यातलं खात होता. तू मला माफ केलं असतंस, याची मला खात्री आहे. "असांदे रे" म्हणाला असतास. म्हणूनच ते मागायला मला जमलं नाही बहुतेक. इतक्या स्वस्तात सुटायची मला भीती वाटली. किंवा हेही मी आता स्वतःला बरं दिसावं म्हणून लिहितोय. तू असतास तर विचारलं असतंस, "नोंद कुठेय?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. उशीर झालाय, पण तू विचारलं होतंस त्याच शब्दांत. ते उठून गेले नव्हते, दत्ता. दुसरीकडे होते. खारदांड्याला होते, कुर्ल्याला होते, तिघांत एक फोन असलेल्या घरांत होते, आणि तुझी गोष्ट शेवटच्या मुद्द्यापर्यंत ऐकत होते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

हा मजकूर अंकाकडे देण्याआधी मला पुन्हा भटवाडीला, वहिनींकडे जायचं आहे. अजून गेलेलो नाही. पेनड्राइव्ह भरून खिशात आहे, कालही होता. मी अजून देणं लागतो ते एवढं: तुझे सगळे तास, तुझ्या आवाजासकट, वहिनींच्या हातात, पोरं तुझं ऐकत होती हे त्यांच्या तोंडावर, चष्मा न पुसता, आणि मग त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर, तोच आलेख पुन्हा पडद्यावर, पट्टी काढून, आणि त्याखाली चूक कुणाची ते माझ्या नावानिशी.